धुराने माश्या शांत का होतात?

आग्या मोहोळ उतरवणारा आधी धूर करतो, हे आपल्या विद्यार्थ्यांनाही ठाऊक असते. पण धुराने माश्या शांत का होतात, असे त्यांपैकी कोणी वर्गात विचारले तर?

युक्ती फार जुनी आहे. इजिप्तमध्ये लक्सरजवळ रेखमिरे या वजिराचे थडगे आहे. इ.स.पू. पंधराव्या शतकातील त्या थडग्याच्या भिंतीवरील चित्रात एक माणूस आडव्या मधपेट्यांतून पोळ्या काढतो आहे, तर दुसरा धुराचे भांडे धरून शेजारी उभा आहे. म्हणजे कामाला माणसे दोन.

१८५२ साली अमेरिकेत लँगस्ट्रॉथ यांनी सुट्या चौकटींच्या पेटीचे पेटंट घेतले. आता पोळे न मोडता पेटी वरचेवर तपासता येऊ लागली. पण चौकट उचलायला दोन्ही हात मोकळे हवेत! न्यूयॉर्क राज्यातील मोझेस क्विन्बी यांनी १८७०च्या दशकात धुराच्या डब्याला भाता जोडला. एका हाताने दाबावा, बाजूला ठेवावा, इतके सोपे. मात्र भाता थांबला की विस्तव विझे. ही खोड पुढे बिंगहॅम यांनी काढली: भाता व डबा यांत थोडी फट ठेवली, तिच्यातून हवा आत जात राही.

कारणाचे काय? धूर लागताच काही माश्या पोटभर मध पितात, हे खरे. परंतु 'पोट भरले म्हणून डंख मारता येत नाही' हे पुस्तकी उत्तर अपुरे वाटते, कारण मध सगळ्याच माश्या पीत नाहीत.

दुसरा धागा जिनिव्हाच्या अंध निसर्गशास्त्रज्ञ ह्युबर यांचा. डंखाचा वास आला की इतर माश्या चवताळतात, हे त्यांनी १८१४ मध्ये नोंदवले. त्या वासातील मुख्य द्रव्य आयसोअमाइल अ‍ॅसिटेट आहे, हे १९६२ मध्ये कळले. त्याला पिकल्या केळ्याचा वास येतो. १९९५ मध्ये व्हिशर व सहकाऱ्यांनी माशीच्या स्पर्शिकेला (मिशीला) विद्युतअग्रे जोडून पाहिले. धुरानंतर या वासाला स्पर्शिकेचा मिळणारा प्रतिसाद घटला. फुलांतील एका वासालाही घटला. दहा ते वीस मिनिटांत तो पूर्ववत झाला. तपासणी लांबली की मधपाळ पुन्हा धूर का सोडतो, आणि डंख बसला तर त्या जागीही धूर का देतो, ते यावरून उलगडते.