गावची शाळा, कायदा आणि लक्ष्मीबाईंचे दागिने



मागच्या स्वाध्यायात चार दानांचा विषय निघाला होता. आहारदान, औषधदान, ज्ञानदान, अभयदान. ज्ञानदान म्हटले की आपण ग्रंथ छापायला देणगी आणि पाठशाळेला वह्या इथपर्यंत येऊन थांबतो. मला मात्र त्या दिवशी गावची शाळा आठवत होती.

माझ्या सासूबाईंचे माहेर माढा तालुक्यातले. गावात आपली दोनच घरे, दोन्ही दुकानदारांची. सासूबाई चौथी शिकल्या, कारण गावची शाळा चौथीपर्यंतच होती. त्या चार इयत्तांवर त्यांनी आयुष्यभर भक्तामर वाचले आणि दुकानाची उधारीची वही सांभाळली. मी बी.कॉम. होऊन आले तरी बेरीज त्याच आधी सांगत. त्यांच्या वयाच्या आपल्या कितीतरी बायका नेमक्या चौथीवरच का थांबल्या, हे शोधायला गेले आणि कायद्यांच्या इतिहासात शिरले.

नामदार गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. पुढच्याच वर्षी ते फेटाळले गेले. गंमत म्हणजे त्यातही सक्ती आधी मुलग्यांना होती, मुलींचा विचार नंतर. तिकडे कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड! मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांचा कायदा १९१८ मध्ये आला, पण तो नगरपालिकांपुरता. खेड्याकडे कायद्याची नजर वळली ती १९२३ मध्ये, प्राथमिक शिक्षण लोकल बोर्डांकडे सोपवले गेले तेव्हा. पण बोर्डाकडे पैसा बेताचा, आणि वाड्यावस्त्यांना शाळा कुठली?

इथे आपल्यातल्याच एका माणसाचे नाव येते. कर्मवीर भाऊराव पाटील जैन होते, हे माझ्या सुनेलाही माहीत नव्हते. जन्म २२ सप्टेंबर १८८७, कुंभोज. बाहुबलीला दर्शनाला जाताना आपण त्या गावाजवळूनच जातो. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात शिकत असताना ते अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेले. परत आल्यावर अंघोळ करून मग आत ये, असे सांगितले गेले. त्यांनी नकार दिला आणि बोर्डिंग सुटले. हा प्रसंग आपल्या समाजात फारसा सांगितला जात नाही. सांगायला हवा, असे मला वाटते.

४ ऑक्टोबर १९१९ ला कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला सगळ्या जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू केले. १९२७ मध्ये गांधीजींनी त्याला शाहू महाराजांचे नाव दिले. हे सगळे पुस्तकांत असते. मला लिहायचे आहे ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंबद्दल.

लक्ष्मीबाई सोवळेओवळे पाळणाऱ्या, आपल्या आज्यांसारख्या. चौक्यात परक्याची सावली चालायची नाही अशा घरात वाढलेल्या बाईच्या स्वयंपाकघरात एक दिवस सगळ्या जातींची पोरे जेवायला बसली. सुरुवातीला त्यांना ते फार जड गेले. आपण त्यांच्या जागी असतो तर? मी खरेच सांगते, मला उत्तर देता येत नाही. पण पुढे त्याच बाईने त्या मुलांसाठी भाकऱ्या थापल्या, त्यांची आजारपणे काढली. वसतिगृहातले धान्य संपले की अंगावरचा एकेक दागिना गेला. माहेरचे सोने गेले आणि शेवटी मंगळसूत्रही मोडले. १९३० मध्ये त्या गेल्या. मुलांनी शिकावे असे कोणीही म्हणेल, पण उपाशी मूल पाटीवर लिहीत नाही, हे ज्याच्या हातात पळी असते त्यालाच आधी कळते.

संस्थेच्या गावोगावच्या शाळाही अशाच उभ्या राहिल्या. १९३५ मध्ये खेड्यांसाठी शिक्षक तयार करणारे अध्यापक विद्यालय साताऱ्यात निघाले. नंतर बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने शाळा नसलेल्या गावांत व्हॉलंटरी शाळा काढायला उत्तेजन दिले, आणि रयतने अशा ५७८ शाळा चालवल्या. साताऱ्याजवळचे डोंगरावरचे यवतेश्वर घ्या, नाहीतर आणखी कुठले आडगाव. इमारत नाहीच. शाळा भरायची देवळात, चावडीत, धर्मशाळेत. मास्तर एकच. गावातल्या बायका रोजच्या धान्यातून एक मूठ बाजूला काढायच्या, त्याला मुष्टिफंड म्हणत. कोणत्याही ताळेबंदात ही मूठ दिसत नाही, पण शाळा तिच्यावरही चालत होत्या.

गांधीहत्येनंतरच्या दिवसांत एका भाषणावरून सरकारने संस्थेचे अनुदान थांबवले. पुढे ते सुरू झाले, पण मधले दिवस लोकांच्या मदतीवर काढावे लागले. दरम्यान १९४७ चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा आला होता आणि व्हॉलंटरी शाळा हळूहळू स्कूल बोर्डाकडे गेल्या. मास्तरांना सरकारी पगार मिळू लागला, हे चांगलेच झाले. पण गावाच्या मुठीतली शाळा सरकारची झाली, आणि मूठही सुटली, असे मला वाटते.

सक्तीची अंमलबजावणी मुख्यतः सहा ते अकरा वयाची. म्हणजे पहिली ते चौथी. सासूबाईंच्या चौथीचे उत्तर मला इथे सापडले. घटनेने १९५० मध्येच दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना शिकवण्याचे उद्दिष्ट ठेवले होते, पण पाचवीसाठी दुसऱ्या गावी चालत जाणाऱ्या मुलीची सोय त्या कलमात नव्हती. शहरात यायला जमले त्या आपल्या मुलींना सोलापुरात श्राविकाश्रमाचा, पंडिता सुमतीबाई शहांचा आधार होता. बाकीच्यांच्या हातात चौथीनंतर लाटणे आले.

१९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि शाळा त्यांच्याकडे गेल्या. मग एकदम २००९. शिक्षण हक्क कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू. मी त्याची अनुसूची मुद्दाम वाचली. साठपर्यंत मुलांना दोन शिक्षक, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी आणि दुपारचे जेवण शिजवायला स्वयंपाकघर. स्वयंपाकघर! लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडून जे केले, ते कायद्याच्या कागदावर यायला जवळपास ऐंशी वर्षे गेली.

त्याच २००९ मध्ये आपल्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजी रुजू झाले. तेव्हा शाळेची खोली पडक्यासारखी, एका बाजूला गोठा आणि दुसऱ्या बाजूला अडगळ. घरी कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी गुरुजी कन्नड शिकले. धड्यांना क्यूआर कोड जोडले, आणि २०१७ मध्ये राज्याने ती कल्पना सगळ्या इयत्तांच्या पुस्तकांसाठी घेतली. ३ डिसेंबर २०२० ला त्यांना दहा लाख डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक जाहीर झाले, आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. बाकीच्या वादांत मी पडत नाही. अर्धे वाटणे मला आवडले.

आता कायद्याचा वारा पुन्हा फिरला आहे. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विषय निघाला. राज्यात तेव्हा अशा शाळा १५ हजारांच्या आसपास होत्या. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने लहान शाळांतल्या शिक्षकांच्या पदांचे गणितही बदलले. खर्चाच्या वहीतून पाहिले तर सात-आठ मुलांसाठी दोन पगार परवडत नाहीत, हे मलाही समजते. पण त्या वहीत दुसऱ्या गावच्या शाळेपर्यंतचे अंतर लिहिलेले नसते. पट का घटला, तेही नसते. आपण दुकाने मिटवून सोलापूर-पुण्याला आलो, मुलांना इंग्रजी शाळेत घातले. ते चुकले असे मी म्हणणार नाही, माझीही मुले तशीच शिकली.

सासूबाईंच्या माहेरची दोन्ही घरे आता बंद आहेत. शाळा अजून भरते. पट वीसच्या आत, बहुतेक मुले शेतमजुरांची, त्यांत मुली जास्त. गावातलीच एक ताई तिथे दुपारची खिचडी शिजवते. पुढच्या स्वाध्यायाला मंडळाच्या ज्ञानदानाच्या पेटीचा हिशोब माझ्याकडे आहे. त्यात या शाळेचे नाव घालायचे का, हे तेव्हा विचारणार आहे. तयारी करून या.

जय जिनेंद्र.