कालव्यानं आणलेली दलदल

दलदल म्हटलं की खाडी आठवते. पुणे जिल्ह्याच्या कोरड्या पूर्व भागात ती कुठून येणार? पण ती आली, आणि माणसानंच आणली.

१८८५च्या सुमारास नीरा डावा कालवा सुरू झाला. दुष्काळी बारामती-इंदापूरकडे पाणी आलं. सासवडचे माळी तिकडे गेले; जमिनी खंडानं घेऊन त्यांनी ऊस पिकवला. पुढं सखल शेतांत पाणी साचू लागलं, पांढरा थर दिसू लागला. १९१० साली हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या या खारवट जमिनींचा अभ्यास प्रसिद्ध केला.

असं का झालं? कालव्यातून पाझरलेलं आणि पिकाला जास्त झालेलं पाणी खाली मुरतं. भूजलाची पातळी वर येते. दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं पाणी मातीच्या बारीक पोकळ्यांतून वर चढतं आणि उन्हानं उडून जातं. क्षार मागं राहतात. त्यांत सोडियम जास्त असेल तर काळी माती फुगते, तिच्यातून पाणी झिरपत नाही. हीच चोपण जमीन. खंडकरी दुसरी जमीन शोधू शकतो. मालकाच्या वाट्याला मात्र चोपण उरते.

उपाय म्हणजे चर. तो काळ्या मातीतच संपून चालत नाही. खालच्या मुरमापर्यंत न्यावा लागतो, कारण पाणी वाहतं ते मुरमातून. याच प्रश्नासाठी १९१६ साली मुंबई सरकारनं एक खास विभाग काढला. क्लॉड इंग्लिस यांनी तिथं काम केलं. खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था त्यातूनच वाढली.

त्याच काळात अमेरिकेत फ्लोरिडातली दलदल कोरडी होण्याआधीच विकली जात होती. १९०८ साली रिचर्ड बोल्सनं पाच लाख एकर घेतले आणि छोटे तुकडे पाडून दूरच्या लोकांना विकले. अनेकांना आपलं शेत पाण्याखाली सापडलं. तिथं पाणी काढण्याआधी जमीन विकली. इथं पाणी काढण्याची सोय करण्याआधी पाणी दिलं.

आज जुन्नर-आंबेगावातही कुकडी प्रकल्पाचे कालवे आहेत, ऊस आहे. कालव्याजवळची एक विहीर निवडा. दोरीला दगड बांधून आवर्तनाआधी आणि नंतर पाण्याची खोली मुलांकडून मोजून घ्या. अनेक वर्षांच्या नोंदींचा आलेख काढा. पाणी दरवर्षी वर येतंय का, हे शेत बिघडण्याआधीच कळेल.