शेतकी कॉलेजापासून कृषिदूतापर्यंत

शिवाजीनगरच्या ज्या संस्थेच्या पाटीवर 'कृषी महाविद्यालय' असे लिहिलेले आहे, तिला जुने पुणेकर आजही 'शेतकी कॉलेज' म्हणतात. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक असल्यामुळे असल्या नामांतरांकडे आमचे लक्ष अंमळ जास्तच जाते. 'शेतकी' हा शब्द बांधावरून आला आहे आणि 'कृषी' हा शासकीय परिपत्रकातून. दोन्हींचा अर्थ एकच. पण एका शब्दाकडून दुसऱ्याकडे जाताना शेती शिकवणारा आणि शेती करणारा यांच्यातले अंतर वाढले की कमी झाले, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. तो आमच्यापुढे उभा राहण्यास एक घरगुती निमित्त झाले.

दोनेक वर्षांपूर्वी आमच्यापैकी एकाची भाची कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती. या वर्षी विद्यार्थ्यांना काही महिने खेड्यात राहून काम करावे लागते. 'ग्रामीण कृषी कार्यानुभव' असे त्याचे भारदस्त नाव. त्या काळात मुलाला 'कृषिदूत' आणि मुलीला 'कृषिकन्या' म्हणतात. जिल्हा वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर पावसाळ्यात या मंडळींची छायाचित्रे नेमाने येतात, हे वाचकांनीही पाहिले असेल. भाची आपला अहवाल शुद्धलेखनासाठी आमच्याकडे घेऊन आली. ऱ्हस्व-दीर्घ तपासता तपासता आम्ही क्रियापदे पाहू लागलो. बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक दाखवले, माती परीक्षणाचे महत्त्व पटवून दिले, निंबोळी अर्काबाबत मार्गदर्शन केले, जनजागृती केली. शेतकऱ्याच्या वाट्याला सबंध अहवालात एकच क्रिया आली होती : 'उत्स्फूर्त प्रतिसाद दिला.' 'विचारले' हे क्रियापद कोठेही नव्हते.

तोंडी मात्र तिने पुष्कळ सांगितले. ज्यांच्या शेतावर ती काम करीत होती, त्या घरातल्या आजींनी पाऊस लांबला की कोणते पीक सोडायचे, कोणते धरायचे, उसनवारी कोणाकडे करायची आणि कोणाकडे मुळीच नाही, याचा सगळा हिशेब तिला चुलीपुढे बसून समजावला होता. हे अहवालात का नाही, असे आम्ही विचारले तेव्हा ती म्हणाली, "मामा, त्याला रकानाच नाही."

हे उत्तर आम्हाला बरेच दिवस पुरले. ज्या संस्थेपासून महाराष्ट्रात या शिक्षणाची परंपरा सुरू झाली, तिच्याच इतिहासात असा रकाना एकदा आखला गेला होता, हे नंतर वाचताना लक्षात आले.

१८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. त्यानंतर शेतीचे शिक्षण हा सरकारी विचाराचा विषय झाला आणि १८७९ साली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे पुढच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, शेतीचे वर्ग सुरू झाले. ज्यांच्यासाठी हे शिक्षण, त्या कुणब्याच्या मुलाला तेथवर पोचण्यासाठी आधी प्राथमिक शाळेची पायरी चढावी लागणार होती. आणि अडचण तेथेच होती. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन केले, त्यात प्राथमिक शिक्षणावर भर देतानाच त्या अभ्यासक्रमात शेतीच्या प्राथमिक ज्ञानाचा समावेश असावा, असे सुचवले होते. पुढच्याच वर्षी त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. शेतीचे शिक्षण शेतकऱ्यापर्यंत कसे जाणार, हा प्रश्न पुण्यात तेव्हापासूनचा आहे.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थानात ठिकठिकाणी स्वतंत्र शेती महाविद्यालये निघाली. त्याच लाटेत पुण्याचे शेतीचे वर्ग अभियांत्रिकीपासून वेगळे झाले. १९०७ साली हॅरॉल्ड मॅन हे रसायनशास्त्रज्ञ प्राचार्य म्हणून आले. त्याआधी ते आसामकडे चहाच्या संशोधनात होते. पुण्यात आल्यावर या मनुष्याने जे केले, ते प्राचार्यपदाच्या कामात मोडणारे नव्हते. द. ल. सहस्रबुद्धे, ना. वि. कानिटकर, वि. अ. ताम्हणे आदी सहकाऱ्यांना बरोबर घेऊन त्यांनी पुण्याजवळचे पवनाकाठचे एक गाव निवडले आणि ते घरोघर, शेतोशेत तपासले. गावाचे नाव पिंपळे सौदागर. १९१७ साली हा अभ्यास इंग्रजीत ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

त्यातले आकडे आजही वाचताना अस्वस्थ करतात. या गावात १७७१ साली सरासरी धारणक्षेत्र ४० एकर होते. पेशवाई बुडाली त्या १८१८ साली ते साडेसतरा एकरांवर आले होते आणि १९१४-१५ मध्ये अवघ्या ७ एकरांवर. मॅन आणि त्यांचे सहकारी एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी १०३ कुटुंबांचा जमाखर्च मांडला. केवळ जमिनीच्या बळावर नीट उभी असलेली कुटुंबे निघाली ८. जमिनीला बाहेरच्या मजुरीची जोड मिळाल्यामुळे तगलेली २८. उरलेल्या ६७ कुटुंबांची मिळवणी दोन्ही करूनही होत नव्हती. शहराला लागून असलेले गाव कितपत प्रातिनिधिक, ही शंका रास्त होती. म्हणून मग शिरूर तालुक्यातले जातेगाव बुद्रुक हे कोरडवाहू गाव घेऊन दुसरा अभ्यास झाला आणि तो १९२१ साली प्रसिद्ध झाला. तेथले चित्र अधिकच निराशाजनक होते.

या कामाचे मोल आम्हाला आकड्यांपेक्षा त्यामागच्या पद्धतीत वाटते. हे सारे शेतीतले तज्ज्ञ होते. मातीचे पृथक्करण करणाऱ्याला गावात जाऊन 'तुमची जमीन अमुक द्रव्याने उणी आहे' असे सांगून परतता आले असते. त्यांनी मातीही तपासली. पण त्याबरोबर घरात किती माणसे, किती बैल, कर्ज किती, लग्नात खर्च किती, हेही विचारले. उत्पन्न वाढवायचा उपदेश करण्याआधी या माणसाला तो उपदेश परवडेल का, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. अर्थात हे सरकारी नोकर होते, राज्य परके होते, आणि विचारणाऱ्यापुढे शेतकरी किती मोकळेपणाने बोलला असेल याला मर्यादा असणारच. तरीही विचारले गेले, आणि उत्तर टिपून ठेवले गेले.

त्याच सुमारास, १९१८ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदुस्थानातील लहान धारणक्षेत्रांवर निबंध लिहिला. तुकडे जोडल्याने रोग हटणार नाही, जमिनीवर जगणाऱ्या माणसांचा भार उद्योगधंद्यांकडे वळला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. पिंपळे सौदागरपुरते पुढे तसेच काहीसे घडले. शेजारी पिंपरी-चिंचवडची कारखानदारी वाढली, मग महापालिका आली, आणि मॅन यांनी मोजलेल्या शेतांच्या परिसरात आज गृहसंकुले उभी आहेत. ६७ कुटुंबांच्या वंशजांपैकी कोणाला त्यातून काय मिळाले, हे विचारायला मात्र दुसरा मॅन आला नाही.

शेती महाविद्यालय आधी मुंबई विद्यापीठाकडे होते, मग पुणे विद्यापीठाकडे गेले आणि राज्यात कृषी विद्यापीठे निघाल्यावर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात आले. पदवीधरांच्या पिढ्या बाहेर पडल्या. त्यांतले कित्येक शासकीय सेवेत, बँकांत, बियाणे-खतांच्या कंपन्यांत गेले. शेताकडे परतणारे थोडे, ही तक्रार जुनीच आहे. पदवी घेणाऱ्याला निदान एक हंगाम खेड्यात राहायला लावावे, असे १९९२ साली रंधावा समितीने सुचवले. २०१५ साली केंद्राने या कार्यानुभवाला नवे नाव देऊन विस्तार केला, आणि पाचव्या अधिष्ठाता समितीच्या आराखड्याने जवळजवळ सबंध चौथे वर्ष प्रत्यक्ष कामाला दिले : आधी खेडे आणि शेतीउद्योग, नंतर स्वतः काही पिकवून वा बनवून विकण्याचा अनुभव.

इंग्लंडमधील शेती महाविद्यालयांतही विद्यार्थी मधले एक वर्ष बाहेर काम करतो. तेथे तो बहुधा पगारी उमेदवार असतो. त्याच्यावर मालक असतो, आणि चूक झाली तर मालक ऐकवतो. आपल्याकडे विद्यार्थी जातो तो 'दूत' म्हणून. दूताचे काम निरोप पोचवणे. विद्यापीठाने सांगितले, ते त्याने गावाला सांगितले, की त्याचे काम संपले. गावाचा निरोप विद्यापीठाला पोचवणे हेही वास्तविक दूताचेच कर्तव्य. परंतु ते आपण त्याच्यावर सोपवलेले नाही. एकविसाव्या वर्षी, प्रात्यक्षिकापुरते फवारणीचा पंप पाठीला लावलेल्या मुलीने, चाळीस हंगाम पाहिलेल्या बाईला मार्गदर्शन करायचे, यात दोघींचीही थोडी कुचंबणाच आहे. त्या मुलीला तेथे विद्यार्थिनी म्हणूनच राहू दिले, तर तिची सुटका होईल आणि आजींचाही मान राहील.

योजना वाईट आहे, असे आम्हाला मुळीच म्हणायचे नाही. शहरात वाढलेल्या मुलामुलींना गावात राहायला लावणारे दुसरे पदवी शिक्षण आपल्याकडे फारसे नाही. आमच्या कलाशाखेला तर याचा हेवाच वाटावा. शिवारफेरी आणि रांगोळीने रेखलेला गावाचा नकाशा हे त्यातले उपक्रम मॅन यांच्या पद्धतीचे दूरचे नातेवाईकच म्हणता येतील. उणीव आहे ती घराच्या हिशेबाची. प्रत्येक विद्यार्थ्याने ज्या घराशी त्याचा संबंध आला, त्या एकाच घराचा जमाखर्च प्रामाणिकपणे मांडला, तर दरवर्षी महाराष्ट्रात किती पिंपळे सौदागर लिहिले जातील!

भाचीला आम्ही एवढेच सुचवले, की आजींचा हिशेब दोन पानांत लिही आणि अहवालाच्या शेवटी परिशिष्ट म्हणून जोड. तिने तो लिहून आणला. त्यातही ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होत्याच. त्या आम्ही दुरुस्त केल्या. वाक्यांना मात्र हात लावला नाही. त्या दोन पानांत 'सांगितले' या क्रियापदाच्या आधी प्रत्येक वेळी 'आजींनी' असे होते.