जर्मन लष्करी गणवेश : अस्सल-नकलीची पारख

दुसऱ्या महायुद्धात (१९३९–४५) जर्मन सैन्याने वापरलेला गणवेश खरोखर त्याच काळात शिवला गेला का, आणि त्यावरची चिन्हे मूळचीच आहेत का, हे ठरवण्याची रीत. हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि फसवणूक बहुधा दुसऱ्यात होते. युद्धानंतर दोस्त राष्ट्रांनी चिन्हांसह गणवेश घालण्यास मनाई केली, तेव्हा हजारो कोटांवरचे गरुड उसवले गेले. असा साधा कोट स्वस्तात घ्यायचा आणि त्यावर नवे बिल्ले शिवून तो कित्येक पटींनी विकायचा, हा या बाजारातला जुना धंदा आहे. कापड खरे असते, पण त्याची कहाणी खोटी असते.

पारखी आधी कोटाचा बेत पाहतो. पायदळाच्या १९३६ च्या नमुन्याची कॉलर गडद हिरवी, खिशांना चुण्या आणि झडपा नक्षीदार कापाच्या. १९४० पासून कॉलर कोटाच्याच राखी-हिरव्या, म्हणजे ‘फेल्डग्राउ’, रंगाची झाली. पुढे पाचाऐवजी सहा बटणे आली, मग खिशांच्या चुण्या गेल्या. १९४३ च्या नमुन्यात झडपाही सरळ कापल्या. १९४४ चा कोट तर कमरेपर्यंत आखूड, दोनच खिशांचा आणि तपकिरीकडे झुकणारा. कापड आणि शिवणकामाचे श्रम कसे वाचवले गेले, हे या क्रमात दिसते. आतल्या शिक्क्यावर १९४४ साल आणि बाहेर चुण्यांचे खिसे असतील, तर पारख्याने तिथेच थांबून विचारपूस करावी. अधिकारी मात्र गणवेश खाजगी शिंप्याकडून शिवून घेत, त्यामुळे त्यांच्या कोटांना हा नियम तंतोतंत लागू पडत नाही.

अस्तरावरचे शिक्केही बोलतात. तिथे मापांचे आकडे असतात, शिवाय पुरवठा-कोठाराचे अक्षर आणि साल: ‘बी ४१’ म्हणजे बर्लिन, १९४१. सुरुवातीच्या कोटांवर कारखान्याचे नाव दिसते. युद्धाच्या उत्तरार्धात त्याची जागा ‘आरबी’ या सांकेतिक क्रमांकाने घेतली. जुन्या शिक्क्याची शाई धाग्यांत मुरलेली आणि वापराने पुसट झालेली असते. नव्या शिक्क्याची शाई वरवर बसते.

दोऱ्याची साक्ष सर्वांत भरवशाची. पॉलिएस्टर धाग्याचा शोध इंग्लंडमध्ये १९४१ साली लागला आणि तो बाजारात आला युद्धानंतर. मूळच्या म्हणवल्या जाणाऱ्या शिवणीत तो सापडला, तर ती शिवण नंतरची. दोऱ्याचे टोक जाळून हे कळते: लोकरीला केस जळल्यासारखा वास येतो, रेयॉन कागदासारखा पेटतो आणि पॉलिएस्टर वितळून त्याचा मणी होतो. अतिनील दिव्याखाली कापड निळसर-पांढरे चमकले, तर युद्धोत्तर काळात सर्रास झालेल्या चकाकी देणाऱ्या रसायनाचा संशय घ्यावा. पण हा दिवा एकट्याने न्याय देत नाही. आजच्या साबणाने धुतलेला अस्सल कोटही चमकतो आणि सावध नकल्या ते रसायन नसलेले कापड निवडतो.

कसरसुद्धा उपयोगी पडते. तिच्या अळ्या लोकर खातात, पण सुती दोरा सहसा सोडतात. भोकाच्या कडेला सुती टाकाही सफाईने कापलेला दिसला, तर तिथे कात्री चालली असण्याचा संभव मोठा. पायदळाचा गरुड उजव्या छातीवर असे, नाझी पक्षाच्या एसएस या सशस्त्र संघटनेचा डाव्या बाहीवर. तो हलक्या हाताने उचलून पाहिला, तर खालचे कापड कमी विटलेले आणि टाक्यांची जुनी छिद्रे जुळणारी हवीत.

कागदपत्रांवर फार विसंबू नये. याचा धडा १९८३ साली जर्मनीनेच घेतला. ‘श्टेर्न’ साप्ताहिकाने हिटलरच्या म्हणून मिरवलेल्या रोजनिशा कोनराड कुयाउने लिहिल्या होत्या. हा माणूस श्टुटगार्टमध्ये नाझी वस्तूंचा व्यापार करी आणि वस्तूंसोबत खोटी प्रमाणपत्रेही देई. सरकारी तपासणीत कागदात चकाकीचे युद्धोत्तर रसायन आणि बांधणीत पॉलिएस्टर सापडले, म्हणजे कोटाला लावतात तीच परीक्षा.

भारतीयांना जवळची वस्तू म्हणजे सुभाषचंद्र बोस यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या, सुमारे तीन हजार सैनिकांच्या भारतीय सेनादलाचा बाहीवरचा बिल्ला: तिरंगी पट्ट्यांवर झेपावणारा वाघ आणि वर ‘फ्राइएस इंडिएन’ ही अक्षरे. सुटा बिल्ला हाती आला, तर विणीचा पोत आणि उलटी बाजू त्या काळच्या नमुन्यांशी ताडून पाहावी. केवळ अभिमानापोटी तो खरा मानू नये.

ह्यूगो बॉसचे नाव ऐकून काही ग्राहक भुलतात. एसएसचा काळा गणवेश या कंपनीने रचला नव्हता. ती रचना कार्ल डीबिच आणि वाल्टर हेक यांची. कंपनी गणवेश शिवत होती हे मात्र खरे, आणि मेट्सिंगेनच्या तिच्या कारखान्यात सुमारे १४० वेठबिगार व ४० फ्रेंच युद्धकैदी राबले. रावेन्सब्रुकच्या छळछावणीत कैदी स्त्रियांकडून एसएसचे गणवेश शिवून घेतले गेले. अशा कोटाची शिवण म्हणजे त्या स्त्रियांच्या हातचे काम, म्हणून तिच्यावर नवा टाका घालणे हे पुरावा बिघडवणे आहे. जबाबदार संग्राहक कोट विकत घेतल्यावर उसवलेली चिन्हे पुन्हा लावत नाही. शिक्का, आरबी क्रमांक, तो कोणाकडून आला आणि नंतर कुठे दुरुस्ती झाली, हे तो कोटासोबत लिहून ठेवतो.