जलव्यायाम (ज्येष्ठांसाठी)

कमरेपासून खांद्यापर्यंतच्या पाण्यात उभे राहून, चालून किंवा कंबरपट्ट्याच्या आधाराने तरंगत केलेले हातापायांचे व धडाचे व्यायाम म्हणजे जलव्यायाम. त्यासाठी पोहता यायला हवे असे नाही. डोके पाण्याबाहेरच राहते, त्यामुळे आयुष्यात कधी पाण्यात न उतरलेल्या माणसालाही तो जमतो. क्रीडासंकुलांत तो ‘अ‍ॅक्वा एरोबिक्स’ म्हणून, तर रुग्णालयांत ‘हायड्रोथेरपी’ किंवा जलोपचार म्हणून ओळखला जातो. दम आणि ताकद वाढवणे हा पहिल्याचा हेतू. फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली दुखरा सांधा किंवा लुळा पडलेला अवयव पुन्हा कामाला लावणे हा दुसऱ्याचा. साठी ओलांडलेल्यांच्या बाबतीत ही सीमारेषा पुसट होते, कारण तंदुरुस्तीसाठी म्हणून येणाऱ्यांपैकी अनेकांचा एखादा तरी गुडघा कुरकुरत असतो.

पाण्यात शरीराचे काय होते : आर्किमिडीजचे तत्त्व शाळेत सगळ्यांनीच पाठ केलेले असते, त्याचा खरा उपयोग गुडघे झिजल्यावर कळतो. पाणी छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत आले, की स्थिर उभ्या असलेल्या स्त्रीच्या पायांवर तिच्या वजनाच्या सुमारे २८ टक्के आणि पुरुषाच्या पायांवर सुमारे ३५ टक्केच भार उरतो. कमरेइतक्या पाण्यात तो निम्म्याच्या आसपास असतो, मानेपर्यंतच्या पाण्यात दहा टक्क्यांहून कमी. म्हणजे ६० किलो वजनाची बाई छातीभर पाण्यात जेमतेम १७ किलो पेलत असते. हे आकडे उभे राहण्याचे आहेत; चालताना, त्याहून अधिक उड्या मारताना, भार वाढतो. तरीही ज्यांना जमिनीवर दहा मिनिटे चालवत नाही, ते इथे अर्धा तास पाय हलवू शकतात.

यावरून ‘पाण्यातला व्यायाम म्हणजे हलकाफुलका व्यायाम’ असा समज रूढ झाला आहे. तो चुकीचा आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट घन असते आणि त्याचा विरोध हालचालीच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो : हात दुप्पट वेगाने फिरवला, की विरोध चौपट. त्यामुळे तोच हात, तोच पाय, तेच पाणी असताना व्यायाम सोपा ठेवायचा की घाम काढणारा करायचा, हे करणाऱ्याच्या वेगावर ठरते. व्यायामशाळेत वजन आधी निवडावे लागते आणि ते चुकले तर खांदा दुखावतो. पाण्यात हालचाल थांबवली की विरोधही थांबतो. म्हाताऱ्या सांध्यांना पाणी सोसते ते यामुळे. पण संथपणे हात हलवत गप्पा मारणाऱ्या गटाला ताकदीचा लाभ का होत नाही, याचेही उत्तर इथेच आहे.

तिसरी गोष्ट दाबाची. सव्वा मीटर खोलीवर घोट्यांवर पाण्याचा दाब पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटर इतका पडतो. पायांची सूज त्याने उतरते. पण पायांत व पोटात साचलेले रक्तही छातीकडे ढकलले जाते. मानेपर्यंतच्या पाण्यात हे प्रमाण सुमारे ७०० मिलिलिटर असते. हृदयाला दर ठोक्याला अधिक रक्त मिळते, म्हणून ठोके मंदावतात. त्यामुळे जमिनीवरचे नाडीचे कोष्टक पाण्यात लागू पडत नाही. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी तयार केलेली ६ ते २० अंकांची श्रमजाणीव श्रेणी, किंवा ‘बोलता येते पण गाता येत नाही’ हा साधा निकष, इथे अधिक भरवशाचा. छातीवरच्या दाबामुळे श्वास घ्यायला जास्त जोर लागतो. निरोगी माणसाला तो श्वसनाच्या स्नायूंचा व्यायाम ठरतो, दमेकऱ्याला मात्र त्रासाचा होऊ शकतो. पाण्यात उतरल्यावर थोड्याच वेळात लघवीला जावेसे वाटते, तेही या रक्ताच्या हलण्यामुळेच. मूत्रपिंडांना शरीरात पाणी जास्त झाल्याचा संकेत मिळतो.

परिणामांचा पुरावा : संशोधनात ज्येष्ठांची तंदुरुस्ती सहसा साध्या चाचण्यांनी मोजतात : ३० सेकंदांत हातांचा आधार न घेता खुर्चीतून किती वेळा उठता येते, सहा मिनिटांत किती अंतर चालता येते, खुर्चीतून उठून थोडे चालून परत बसायला किती वेळ लागतो. अमेरिकेतल्या रिकली आणि जोन्स यांनी यांची सुसूत्र मालिका बांधली. नोबुओ ताकेशिमा आणि सहकाऱ्यांनी जपानमध्ये साठ ते पंचाहत्तर वयाच्या स्त्रियांना बारा आठवडे, आठवड्यातून तीन दिवस पाण्यात व्यायाम करायला लावला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता सुमारे १२ टक्क्यांनी वाढलेली आढळली आणि पायांची ताकदही सुधारली.

गुडघा व खुबा यांच्या झिजेबद्दल, वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१६ सालच्या आढाव्यात १३ चाचण्या आणि १,१९० रुग्ण होते. त्यांचे सरासरी वय ६८ होते आणि तीनचतुर्थांश स्त्रिया होत्या. निष्कर्ष संयत होता : वेदना शंभरपैकी सुमारे पाच गुणांनी कमी, हालचाल थोडी सुकर, आणि हा लाभ व्यायामक्रम संपल्यासंपल्याचा, फार काळ टिकल्याचा पुरावा नाही. पाच गुण ऐकायला थोडे वाटतात. पण त्यासाठी पोट जाळणारी गोळी घ्यावी लागली नाही, हेही लक्षात घ्यावे. फिनलंडमधल्या य्युवास्क्युला येथे गुडघ्याची सौम्य झीज असलेल्या, रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रियांवर चार महिन्यांचा अधिक जोरकस प्रयोग झाला. त्यात पायाला विरोध वाढवणारी बुटासारखी साधने बांधून वेगाने हालचाली करवून घेतल्या होत्या. दम वाढला आणि एमआरआयमध्ये कूर्चेच्या घटनेत अनुकूल बदल दिसले. ‘गुडघा झिजला, आता जपून’ म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर पाहावा.

पडण्याच्या धोक्याचे चित्र गुंतागुंतीचे आहे. पासष्टीपुढच्या, हाडे विरळ झालेल्या ऑस्ट्रेलियन स्त्रियांच्या २००५ सालच्या चाचणीत दहा आठवड्यांच्या जलव्यायामाने तोल आणि जीवनमान सुधारले. खुब्याची झीज असलेल्यांवरच्या कॅनडातल्या २०१० सालच्या अभ्यासात मात्र नुसत्या जलव्यायामाने फारसे साधले नाही. सोबत पडणे टाळण्याविषयीचे वर्ग जोडले तेव्हाच फरक पडला. पाण्यात तोल गेला तरी माणूस हळू कलंडतो आणि सावरायला वेळ मिळतो. सरावासाठी हे वरदान आहे, पण ओल्या न्हाणीघरात तेवढा वेळ मिळत नाही.

मर्यादा : पाण्यात स्नायू मुख्यतः आखडत काम करतो, ताणला जात असताना भार धरून ठेवण्याचे काम त्याला फारसे पडत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी अंग कमी दुखते. पण जिना उतरताना मांडीच्या स्नायूला नेमके हेच काम करायचे असते. केवळ पाण्यात व्यायाम करणाऱ्याला जिना चढणे लवकर जमू लागते, उतरणे उशिरा. हाडांचेही तसेच : त्यांना भार हवा असतो आणि पाणी तो काढून घेते. अस्थिघनतेसाठी जमिनीवर चालणे, पायऱ्या, थोडे वजन उचलणे यांना पर्याय नाही.

पद्धत : ज्येष्ठांसाठी छातीइतके, साधारण १.१ ते १.४ मीटर पाणी सोयीचे. तापमान २८ ते ३१ अंश सेल्सिअस असावे. संधिवाताच्या उपचारासाठी ३३ ते ३५. पाणी शरीराची उष्णता हवेपेक्षा कितीतरी पट वेगाने ओढते, त्यामुळे स्पर्धेसाठीच्या २६ अंशांच्या तलावात हळू हालचाल करणारा म्हातारा माणूस पंधरा मिनिटांत कुडकुडू लागतो, तर ३५ अंशांत वेगाचा व्यायाम करणाऱ्याला चक्कर येऊ शकते. सत्र पाऊण तासाचे : सुरुवातीला पुढे, मागे, आडवे चालणे, मग गुडघे उंच उचलणे, कठड्याला धरून पाय बाजूला व मागे नेणे, तळवे उघडून पाणी ढकलणे, मध्येच अर्ध्याएक मिनिटाचे जोरकस टप्पे, एका पायावर उभे राहणे, शेवटी संथ ताण. मागे चालण्यावर विशेष भर द्यावा, कारण जमिनीवर ते करण्याची भीती वाटते. साधने थोडीच लागतात : फोमचे डंबेल, कंबरपट्टा, लांबट ‘नूडल’. विहिरीत पोहायला शिकताना पाठीला बांधलेला भोपळा जे काम करी, तेच हे फोम करते. फोमच्या डंबेलची एक गंमत म्हणजे ते खाली दाबताना जोर लागतो, उचलताना नाही.

जपानमधल्या आय ची या संथ, श्वासाशी जोडलेल्या हालचाली जुन कोन्नो यांनी १९९०च्या दशकात रचल्या. तोलाच्या सरावासाठी त्या अनेक देशांत वापरतात.

खबरदारी : आटोक्यात नसलेला रक्तदाब किंवा हृदयविकार, नुकताच आलेला हृदयझटका, उघडी जखम, जुलाब, वारंवार येणाऱ्या फिटा असताना पाण्यात उतरू नये. मधुमेहात पायांची संवेदना कमी झालेली असेल तर खरबरीत तळाने कातडी सोलवटते आणि कळतही नाही. पाण्यातले बूट घालावेत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी उतरू नये. सर्वांत धोक्याचा क्षण पाण्यात नसतो, बाहेर पडताना असतो : दाब एकदम निघून जातो, रक्तदाब घसरतो आणि समोर ओली फरशी असते. पायरीवर थांबून, कठडा धरून, मग चढावे. घाम दिसत नाही म्हणून तहान विसरू नये. विहीर, तळे, नदी ही ठिकाणे या व्यायामाची नव्हेत.

इतिहास : रोमन स्नानगृहांपासून सुरुवात करण्याची प्रथा आहे, पण आजच्या पद्धतीची मुळे विसाव्या शतकातल्या पोलिओत आहेत. पोलिओने पाय लुळे पडलेले, पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले फ्रँकलिन रूझवेल्ट १९२४ साली जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्ज येथे गेले, पाण्यात आपल्याला उभे राहता येते हे त्यांनी पाहिले आणि पुढे तिथे उपचारसंस्था उभारली. लंडनमध्ये जेम्स मॅकमिलन यांनी १९४९ साली अपंग मुलींसाठी हॅलिविक पद्धत आखली. वृद्धांकडे लक्ष वळले ते नंतर. अमेरिकेतली आर्थ्रायटिस फाउंडेशन आणि वायएमसीए यांनी १९८०च्या दशकात संधिवाताच्या रुग्णांसाठी जलव्यायामाचे वर्ग सुरू केले.

महाराष्ट्रात : वज्रेश्वरी, उन्हवरे, उनपदेव येथील गरम पाण्याची कुंडे सांधेदुखीवर प्रसिद्ध आहेत, पण तिथे चालते ते स्नान, व्यायाम नव्हे. जलव्यायाम चालतो तो शहरांतल्या क्लबांत, मोठ्या रुग्णालयांत, गृहसंकुलांच्या तलावांत आणि काही महापालिका तलावांच्या उथळ भागात. साडीत आयुष्य गेलेल्या आजींना पोहण्याच्या पोशाखाचा संकोच वाटतो. पायघोळ, पूर्ण बाह्यांचे पोशाख आणि महिलांच्या स्वतंत्र बॅचा यांनी तो बराच कमी होतो. खरी अडचण बांधकामाची आहे. सार्वजनिक तलाव बहुधा पोहणाऱ्यांसाठी आखले जातात आणि सरळसोट लोखंडी शिडी उतरणे हेच दुखऱ्या गुडघ्याला अशक्य असते. नगरपालिकांनी नव्या तलावात छातीइतक्या खोलीची एक पट्टी, कठडा असलेल्या रुंद पायऱ्या आणि न घसरणारी फरशी एवढे तरी करावे.