ज्याचे गेले त्याचे काय?

फौजदारी खटल्यात एका बाजूस सरकार असते, दुसऱ्या बाजूस आरोपी. ज्याचे डोके फुटले किंवा घर लुटले गेले तो मनुष्य साक्षीसाठी घटकाभर पिंजऱ्यात उभा राहतो आणि रिकाम्या हाताने घरी जातो. ही रीत पूर्वापार चालत आली आहे, असे पुष्कळांस वाटते. तसे नाही.

चोरीस गेलेले द्रव्य राजाने प्रजेस भरून द्यावे, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. जो कर घेतो त्याने राखण करावी, राखण न साधली तर तूट सोसावी, असा हा रोकडा व्यवहार आम्हांस दिसतो. आपल्या गावगाड्यातही तो होता. चोरी झाली की रामोशाने माग काढावयाचा. माग शेजारच्या शिवेत शिरला की त्या गावाच्या हवाली करावयाचा. आणि माग जेथे हरवेल तेथल्यांनी जबाब द्यावयाचा. गरीब जागल्याच्या माथी भरपाई मारणे न्यायाचे होते, असे आम्ही म्हणत नाही. पण ‘चोर सापडला नाही’ एवढे सांगून कोणास हात झटकता येत नसत.

इंग्रजी अमदानीत हे सूत्र तुटले. १८९८ च्या फौजदारी संहितेच्या ५४५ व्या कलमात भरपाई होती, पण ती दंडाच्या रकमेतून. १९७३ च्या संहितेने दंड नसतानाही भरपाईचा हुकूम करण्याची मुभा न्यायाधीशास दिली. तरी आरोपी सापडून शिक्षा व्हावयास हवी, ही अट राहिलीच. तिकडे न्यूझीलंडने १९६३ साली सरकारी खजिन्यातून भरपाईचा कायदा केला. ब्रिटनने १९६४ साली योजना आणली. आपल्याकडे ३५७ अ हे कलम ३१ डिसेंबर २००९ पासून अमलात आले. गुन्हेगाराचा पत्ता लागला नाही, तरी पीडिताने विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. महाराष्ट्राची योजना २०१४ साली निघाली.

येथे आम्हांस आमची एक चूक सांगितली पाहिजे. त्यानंतर दोन वर्षांनी आमच्या युनियनचा एक सभासद सुटीच्या दिवशी बाजारातून परतताना लुटारूंच्या सुऱ्याने मेला. कोणी सापडले नाही. त्याची बायको कचेरीत आली, तेव्हा आम्ही म्हणालो, “बाई, आरोपीच नाही, तर भरपाई मागायची कोणाकडे?” कामावरचा अपघात असता तर कलमे आम्हांस तोंडपाठ होती. आम्ही वर्गणी गोळा करून तिच्या हाती दिली व कर्तव्य केल्याच्या समाधानात राहिलो. कायदा वाचनात आला तोवर ती गाव सोडून गेली होती. तिचा हक्क आमच्या अज्ञानाने बुडाला.

कामगार नुकसानभरपाईचा कायदा १ जुलै १९२४ रोजी अमलात आला. पीडितांची तरतूद ३९६ व्या कलमात घेणारी नवी नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ रोजी लागू झाली. दोहोंमध्ये बरोबर शंभर वर्षे गेली. पहिल्या कायद्याचा पैसा मजुराच्या हाती पडावा म्हणून अर्ज लिहिणारी, खेटे घालणारी माणसे लागली. दुसऱ्यालाही लागतील. वर्गणी जरूर काढा. पण त्याआधी अर्ज लिहा.