रंगमंचावरील धुके आणि कोरडा बर्फ

शाळांच्या स्नेहसंमेलनात नृत्यासाठी ढगांचा आभास निर्माण करायचा असल्यास कोरडा बर्फ वापरला जातो. हा घनरूप कार्बन डायऑक्साइड असून उणे ७८.५ अंश सेल्सिअसला तो न वितळता थेट वायुरूप होतो. त्याचे तुकडे गरम पाण्यात टाकताच दाट पांढरे धुके उसळते. त्याला सर्रास धूर म्हटले जाते. वस्तुतः ते पाण्याचे सूक्ष्म तुषार असतात. पाणी थंडावले की धुकेही ओसरते.

खरा धोका न दिसणाऱ्या वायूचा आहे. एक किलो बर्फापासून सुमारे ५४० लिटर वायू तयार होतो. हवेहून दीडपट जड असल्याने तो जमिनीलगत साचतो आणि धुके विरल्यावरही तेथे राहू शकतो. त्यामुळे अशा प्रसंगी नर्तकांनी रंगमंचावर आडवे पडू नये, तसेच बालवाडीच्या मुलांना अगदी पुढे जमिनीवर बसवू नये. दारे-खिडक्या उघड्या हव्यात. पडदे लावून बंद केलेल्या वर्गखोलीत हा प्रयोग नकोच. डोकेदुखी, धाप वा गरगरणे जाणवल्यास मुलांना तत्काळ मोकळ्या हवेत न्यावे.

बर्फ हाताळण्याचे काम मोठ्यांचेच. जाड, कोरडे हातमोजे व चिमटा नसल्यास त्वचेला भाजल्यासारखी इजा होते. बर्फ थर्माकोलच्या पेटीत, झाकण सैल ठेवून आणावा आणि वाहनाच्या काचा उघड्या असाव्यात. घट्ट झाकणाच्या बाटलीत वा डब्यात तो भरल्यास दाब वाढून स्फोट होतो. धुक्याने फरशीही ओलसर होते. अनवाणी नाचणारी मुले घसरू नयेत म्हणून पुढील नृत्यापूर्वी रंगमंच पुसून घ्यावा.